बॅरी, शपथ सुटली

बॅरीची मान शेवटपर्यंत शाबूत राहिली. गेला तो हार्टने.

ड्राइव्हवेमधला बर्फ काढताना. बर्फ उडवायचं मशीन, स्नोब्लोअर, गॅरेजमध्ये उभं, आणि हा गडी हातात फावडं घेऊन बाहेर.

आता अशा माणसाला काय म्हणायचं?

इथे मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये सात वर्षं तो आमचा शेजारी होता. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा खाणीच्या गावातला. शाळा संपली तसा व्यावसायिक रग्बी लीगमध्ये शिरला.

नुसतं "रग्बी" म्हटलेलं त्याला चालत नसे. लाल व्हायचा. "ती पंधरा जणांची, काका! आमची लीग. तेरा जणांची!"

हो, मला काका म्हणायचा. माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी लहान. आमच्याकडे जेवायला येणारी मुलं काका म्हणतात, म्हणून हाही.

"अरे, नावाने हाक मार मला."

"ओके, काका."

आपलं काम सोपं होतं, असं तो सांगायचा. बॉल छातीशी धरायचा आणि समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं. ते पाडणार. उठायचं, टाचेने बॉल मागे सारायचा. पुन्हा घुसायचं, पुन्हा पडायचं. सहाव्यांदा पाडलं की बॉल त्यांचा.

ऐन उमेदीची सगळी वर्षं याने हे केलं. पगार घेऊन, दर आठवड्याला. नाक किती वेळा मोडलं ते त्यालाही आठवत नव्हतं. शेवटी मानेला मार बसला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दणका बसला तर व्हीलचेअर.

करिअर तिथे संपलं. बायको लिंडा मिशिगनची, म्हणून इकडे आला.

आल्यावर स्वस्थ बसावं की नाही? नाही. इथे टीम काढायची म्हणाला.

अमेरिकन यायचे, हेल्मेट कुठे आहे विचारायचे आणि निघून जायचे. मग याची नजर आमच्या डायनिंग टेबलावर गेली.

"काका, तुझी ही पोरं कबड्डी खेळलीत ना?"

झालं. पुण्या-नागपूरची आयटीवाली, युनिव्हर्सिटीतली, जी सापडली ती रविवारी सकाळी मैदानावर. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, एच-वन व्हिसावर हाड मोडलं तर चालतं का?"

पोरांनी घोटे धरून पाडायला सुरुवात केली आणि बॅरी खूश. इतका खूश, की स्वतःच बॉल घेऊन धावायला लागला.

लिंडा आमच्या किचनमध्ये येऊन रडली. "तो कोणाचंच ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला, तेव्हा गावच्या शाळेत आम्ही करायचो तेच मी केलं. म्हटलं, "बॅरी, तुला माझी शपथ आहे. शिकव, ओरड, काय वाटेल ते कर. पण खेळायचं नाही."

"म्हणजे काय?"

आमची मृणाल सीरियल खात होती. मान वर न करता म्हणाली, "इफ यू प्ले, डॅड डाइज."

बॅरीने कप खाली ठेवला. "हे ब्लॅकमेल आहे, काका!"

"आहे."

मी रोज देवापुढे दिवा लावतो, पण शपथेने कोणी मरतं असं मलाही वाटत नाही. पोरखेळ तो. डॉक्टरांशी, रेफरींशी, स्वतःच्या बायकोशी भांडणाऱ्या या माणसाने नेमका तोच मनावर घेतला.

पुढे मृणालच फितूर झाली. ज्याने शपथ घातली त्याने "सुटली" म्हटलं की शपथ सुटते, हे तिने त्याला सांगून टाकलं.

मग काय विचारता! ग्रोसरीच्या रांगेत, ड्राइव्हवेवर, एकदा तर आमच्या गणपतीच्या आरतीत, टाळ्या वाजवता वाजवता कानाशी येऊन, "काका, सुटली?"

"नाही."

गेल्या उन्हाळ्यात ओहायोची टीम आली. त्याची इथली पहिली खरी मॅच. आणि आमच्या तेराव्याचा, निशिकांतचा, ऑफिसमधून फोन. "काका, सॉरी यार, प्रॉडक्शन डाऊन झालंय."

बॅरीने शांतपणे जॅकेटची चेन उघडली. आत त्याची जुनी दहा नंबरची जर्सी.

"काका. एक शब्द."

"नाही."

"दहा मिनिटं फक्त."

"लिंडाकडे बघ."

"सुटली बोल ना यार!" हे चक्क मराठीत. पोरं हसली. मी हसलो नाही.

मैदानाची कड म्हणजे गवतावर मारलेली पांढरी रेघ. तेवढ्या मोठ्या माणसाला मी काय अडवणार होतो? पण तो मॅचभर त्या रेघेला बूट टेकवून उभा राहिला. आवाज बसेपर्यंत ओरडला. बारा जण खेळले आणि सपाटून हरले.

गाडीशी आल्यावर म्हणाला, "तू मरू नयेस म्हणून हरलो आज. लक्षात ठेव."

"ठेवतो."

"आणि पोट कमी कर. एवढं करून तू हार्टने गेलास ना, तर मी वेडा होईन."

फ्युनरल होममध्ये सूट घालून निजवला होता. छातीवर ती दहा नंबरची जर्सी.

लिंडा म्हणाली, "मानेला काही झालं नाही, काका." मग म्हणाली, "तो म्हणायचा, एक शब्द आहे. तू बोललास की तो मोकळा."

खोलीभर माणसं. समोर पाद्री. तो शब्द न म्हणताच मी बाहेर आलो.

घरी येऊन देवापुढे बसलो. मागायचं काही नव्हतं. तक्रार होती, तीही धड करता येईना.

आज तेरावा. त्यांच्यात नसतो. माझ्या बायकोने, सुनीताने, तरी गोडाचं केलं आणि लिंडाला डबा दिला. तेरा जमवता जमवता दमला बिचारा, आणि तेरावा घातला आम्ही.

तिकडे कुठे मैदान असेल, तर एक माणूस कमी असणारच.

बॅरी, सुटली.

जा. खेळ.