काळ्यानंतर पांढरा

एका कारखान्यात दहा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे. आमचा खडोलीचा कारखाना प्लास्टिकच्या रंगीत दाण्यांचा. माझ्या गाळात सगळ्यात जास्त सापडतात ते दामले.

दामले पुण्याचे. भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते, वडील अंथरुणाला खिळले म्हणून अर्धवट सोडून पगारासाठी इथे क्वालिटी कंट्रोलला आले. प्रबंधाचा प्रश्न एकच: कणांचे नियम काळाच्या उलट दिशेनं चालवले तरी चालतात, मग जगात काहीच उलटं का होत नाही?

*

आमच्याकडे नियम होता, मशीनवर आधी पांढरा माल, मग रंगीत, शेवटी काळा. पहिल्याच आठवड्यात दामल्यांनी काळ्यानंतर पांढरा लावला. दिवसभर राखाडी दाणे पडत राहिले. मॅनेजर ओरडले, "काळा गेला का नाही अजून?"

"सर, तो जात नाही, फक्त पसरत जातो."

"म्हणूनच ओरडतोय!"

*

कारखान्याच्या वाटेवर, राखोलीच्या नाक्यावर गुजराती जयंतीभाईंची चहाची गाडी होती. तिथे दामले म्हणाले, चहात मिसळलेलं दूध पुन्हा वेगळं होणं नियमाविरुद्ध नाही. जयंतीभाईंनी शांतपणे कप पुढे सरकवला. "साहेब, दूध काढी आपो, चा मफत."

दामले पाच मिनिटं कपाकडे बघत बसले. चहा निवला, तेवढा एकच बदल झाला.

*

एका रविवारी डोकमर्डीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीबाहेर दामल्यांनी स्कूटर खोलली आणि बरोबर उलट्या क्रमानं जोडली. दोन स्क्रू उरले. आमचे ऑपरेटर भिलाभाऊ, शिरपूरकडचे, बघत उभे होते. म्हणाले, "गाडी चालस ना साहेब? मंग त्या पहिलेपासूनच जास्ती व्हतात."

*

एकदा लाइट गेली आणि दामले शिफ्टला शिकवायला बसले. "एकटा कण आला तसा परत जाऊ शकतो. पण तो आजूबाजूच्या कोट्यवधी कणांत गुंतला की त्याची खूण सगळ्यांत विखुरते. पुसली जात नाही, पण परत गोळा करायची तर सगळ्यांना एकदम उलटं चालवावं लागेल."

मग भिलाभाऊ म्हणाले, "म्हंजे साहेब, एकलाले सांगेल गोट परत लेता येस. बठ्ठा शिफ्टले समजी गयी, मंग कशी लेशात?"

दामल्यांनी ते वाक्य लॅब रिपोर्टच्या पाठीमागे आपल्या मराठीत लिहून घेतलं: एकट्याला सांगितलेली गोष्ट परत घेता येते, सगळ्या शिफ्टला कळलेली नाही. "दोन वर्षं मला हेच लिहिता येत नव्हतं," ते म्हणाले. मला वाईट वाटलं. वडील जाऊन तोवर वर्ष झालं होतं, पण परत जाण्याचा विषय ते काढत नसत.

*

मग पुण्याहून गाइडचं पत्र आलं: मी निवृत्त होतोय, यायचं तर आत्ता, नाहीतर कायमचं विसरा. शनिवारी दामल्यांनी राजीनामा दिला आणि जाता जाता फक्त भिलाभाऊंच्या कानावर घातलं. रविवारी त्यांचा धीर सुटला. चाळिशी जवळ आलेली, पुन्हा विद्यार्थी कसलं व्हायचं!

सोमवारी सकाळी मला सोबत घेऊन ते मॅनेजरसमोर उभे राहिले. मॅनेजर भला माणूस. त्यांनी खणातून कागद काढला. "मी कोणाला बोललेलो नाही. फाडून टाका."

दामल्यांनी फाडला. हलके होऊन बाहेर आले, तर गेटपाशी तिन्ही शिफ्ट उभ्या. हार, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. पॅकिंगच्या बायकांनी शिरा केला होता, आणि तो निम्मा संपलाही होता. एक म्हातारा हेल्पर डोळे पुसत होता.

"भिलाभाऊ," दामले म्हणाले, "मी तुम्हाला एकट्यालाच सांगितलं होतं."

भिलाभाऊंनी त्यांच्या गळ्यात हार घातला. "हा साहेब. एकलाले सांगेल गोट परत लेता येस. म्हनून बठ्ठासले सांगी दिन्ही."

दामले हार घालूनच आत गेले आणि मॅनेजरांकडे एक कोरा कागद मागितला.