उंदराच्या डोक्यातले दिवे

अड्यारच्या एका प्रयोगशाळेत बाहेरच्या लोकांना आत सोडतात, त्या दिवशी तिथे उंदरांवर संशोधन करणारी ती मला भेटली. नाव विचारायचं राहूनच गेलं. एसीने गार पडलेले तळवे ती आधी एकमेकांवर घासायची, मगच "वा डा, राजा" असं तमिळमधून बोलावत उंदराला उचलायची.

उंदरासमोर डावीकडे चित्र उमटलं, की तो पुढ्यातलं इवलंसं चाक फिरवायचा. बाजूच्या पडद्यावर त्याचा मेंदू दिसत होता. एवढ्याशा निर्णयासाठी त्यात कोपऱ्याकोपऱ्यात ठिपके उजळले. मी बघतच राहिलो.

"यातली विचार करायची जागा कुठली?"

"एकच जागा नाही, सार. सगळा मेंदू कामाला लागतो."

मग कुणालाच न सांगितलेलं तिला सांगून टाकलं. "पक्षाघाताच्या झटक्याने माझ्या आईची वाचा गेली. ती आता आत नाहीच असं धरून मी तिच्याशी बोलणंच सोडलंय."

"आईंचं मला नाही सांगता येणार, सार. मला फक्त उंदीर कळतात," म्हणत ती पुन्हा तळवे घासू लागली.

संध्याकाळी आईच्या खाटेशी बसलो. आधी तळवे घासले, मग तिचा हात हातात घेतला.

"आई, आज एक उंदीर पाहिला," म्हणालो.