सुजाताच्या कपाटाचे पल्ले

आधीच सांगतो, मी सुतार माणूस. गुण्या लावून काटकोन बघितल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. कोणाच्या अंगात आलं, कोणाला काही दिसलं, असं सुरू झालं की मी तिथून उठायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण मुलगी म्हणाली, "लिहा पप्पा. सारखं एकटेच बोलत बसता."

आमचं घर जूचंद्रला. आतली खोली नऊ बाय आठ. मागच्या वर्षी माझी बायको सुजाता अंथरुणाला खिळली तेव्हा पेशंटची लोखंडी कॉट भाड्याने आणली. ती खोलीतच जोडावी लागली. जोडल्यावर कळलं, तिच्या कपाटाचे पल्ले, म्हणजे दारं, आता जेमतेम चार बोटं उघडतात. पुढे कॉट आडवी येते. हात आत जायचा, पण वस्तू बाहेर निघायची नाही. रोजचे गाऊन बाहेर दोरीवर असायचे, म्हणून आमचं काही अडलं नाही.

उपाय मला माहीत होता. अरुंद पट्ट्यांचे फोल्डिंगचे पल्ले — वर चॅनल, मधे बिजागऱ्या, घडी होऊन बाजूला सरकतात. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये मी तेच तर बसवतो. "लहान खोलीला फोल्डिंगच घ्या," हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान...

सुजाता पडल्या पडल्या चिडवायची. "सगळ्या टॉवरना दारं बसवून झाली की आपला नंबर का?"

"या रविवारी नक्की," मी म्हणायचो.

एकदा ती हसली नाही. म्हणाली, "माझा लग्नातला हिरवा शालू आहे आत, डब्यात. मला त्यातच पाठवा." मी तिच्यावर ओरडलो. असलं बोलायचं नाही म्हणून. पट्ट्या कापून तयार होत्या, खाली माझ्या कामाच्या गाळ्यात पडून होत्या. तरी तो रविवार आला नाही.

ती गेली त्या सकाळी मी जिन्यात बसून होतो. आमच्यात सवाष्ण बाई हिरव्या साडीत, ओटी भरून जाते. माझी बहीण धावत आली. "दादा, शालू कपाटात आहे, दार उघडत नाही. काय करू?"

कॉटचे चार नट सोडवले असते तर पाच मिनिटांत कपाट उघडलं असतं. आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? पण मला सुचलंच नाही. मी म्हणालो, "स्टेशनजवळ दुकान आहे. नवीन आण."

तेरावं झालं. पुढच्या आठवड्यात दोघं जण येऊन कॉट सोडवून घेऊन गेले. तोवर ती जागची हलली नव्हती. चाकांखाली फरशीवर गंजाचे डाग पडले होते. मी लगेच पट्ट्या वर आणल्या. जुने पल्ले काढायचे म्हणून आधी कपाट रिकामं करायला घेतलं. वरच्या कप्प्यात दोन गोधड्या, त्यांच्याखाली शालूचा डबा. मुलीने डबा उघडला आणि माझ्यापुढे धरला.

आत शालू नव्हता. हिरवी साडी होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दुकानाचा टॅग तसाच. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "दादा, ती तर मी आणलेली... मी पाकीट हिराकाकीच्या हातात दिलं होतं."

हिराकाकी म्हणजे माझी चुलती. तिनेच सुजाताला साडी नेसवली होती. तिच्याकडे गेलो. ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मना काय म्हाईत, बाला? माझ्या डोल्यांत पानी. कोनीतरी हातात दिली, मी नेसवली. हिरवी व्हती, एवरंच दिसलं."

मग नेसवलेली साडी कोणी दिली? त्या दिवशी घरात असलेल्या एकेकीला विचारून झालं. कोणी दिली नाही. तिला बाहेरच्या खोलीत आणल्यावर बहिणीशिवाय कोणी त्या खोलीत गेलंसुद्धा नव्हतं. मी नंतर लाकडाचे दोन ठोकळे लावून पल्ला पुन्हा चार बोटांवर अडवला आणि डबा काढून बघितला. आडवा, उभा, तिरका... नाही निघत. आणि वर त्या दोन गोधड्या.

त्याच संध्याकाळी पल्ले बसवले. माप चोख आलं. एका बोटाने सरकतात. सुजाता असती तर दिवसातून दहा वेळा उघडझाप करून बघितली असती. काम संपल्यावर मी त्या कपाटासमोर बसून खूप रडलो.

भावकीतले म्हणतात, बरं झालं, तिची इच्छा पुरी झाली. शेजारचे म्हणतात, तुमचीच काहीतरी गफलत असेल. असेलही. मला अजून उलगडा झालेला नाही.

पण खरं सांगू? ती कशात गेली हे ठामपणे सांगता येईल असा माणूस एकच होता — मी. घरापासून स्मशानापर्यंत मडकं धरून तिच्या पुढे चालत होतो. बाकीच्यांना वरचं कापड आणि हारच दिसले; शेवटी ते बाजूला करून तोंडात पाणी घालायला मलाच बोलावलं. मी वाकलो, पाणी घातलं... आणि डोळे मिटून घेतले. दार बसवलं नाही म्हणून तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.