गच्चीचं कुलूप

उज्वला मूळची मुखेडची. नवरा गेल्यावर भावजयीच्या हाताखाली दिवस काढण्यापेक्षा ती लातूरला आली आणि मुलींच्या एका खासगी वसतिगृहात रेक्टर म्हणून लागली. डॉक्टर व्हायचं म्हणून गावोगावहून आलेल्या पोरी सकाळी क्लासला जायच्या, दुपारी येऊन पुस्तकात डोकं घालायच्या. कोणाला ताप आला, कोणी रडत बसली, की उज्वला उशाशी. जिभेनं फटकळ, पण पोरींचा तिच्यावर जीव.

तिला खटकायची ती इमारत. एकच जिना, जिन्याखाली मीटर आणि मीटरला टेकून जुन्या गाद्यांचा ढीग. खिडक्यांना पक्क्या जाळ्या. एक पोरगी गच्चीवर फोनवर बोलताना सापडली, तेव्हापासून गच्चीला कुलूप. किल्ली मालकांच्या, शिवप्रसादअप्पांच्या खिशात.

एकदा तपासणीचं पथक येणार असं कळलं. त्या सकाळी टेम्पोतून आग विझवायची लाल सिलिंडरं आली, भिंतीवर टांगली. दारात ‘आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण’ असा फ्लेक्स. पोरींना डोक्यावर हात ठेवून अंगणात उभं केलं, फोटो काढले. तोंडातली सुपारी एका गालात सारून अप्पा माईकवर म्हणाले, “मुलींची सुरक्षा हाच आमचा धर्म हाय.” पथक चहा पिऊन गेलं आणि सिलिंडरं पुन्हा टेम्पोत चढायला लागली.

“अप्पा, हे परत कुठं चाललं?”

“भाड्याचं हाय ताई. काम झालं की माघारी.”

“मग गच्चीची किल्ली तरी माझ्यापाशी द्या.”

“आईबापांनी पोरी माझ्या भरवशावर टाकल्यात. उद्या काही भलतंसलतं झालं तर नाव कोणाचं जाईल?”

उज्वलाला शिसारी आली. ताटात माशी दिसावी तशी. तिनं मान फिरवली आणि गाद्या हलवायला माणूस मागितला. तो काही आला नाही.

एप्रिलच्या एका दुपारी सगळ्या मजल्यांवर कूलर घरघरत होते. मीटरमधून ठिणग्या पडल्या आणि गाद्या धुमसायला लागल्या. लोह्याची तनुजा धावत वर आली. “ताई, जिन्यात धूर हाय. खालचं काही दिसंना.”

उज्वलानं अग्निशमनला फोन केला, मग अप्पांना लावला. ते औशाला लग्नात होते. मागे सनई वाजत होती.

“अप्पा, आग लागली. किल्ली कोणाबरोबर तरी धाडा.”

“आधी मेन स्विच बंद करा,” अप्पा म्हणाले. “आन् कुलूपबिलूप तोडू नका ताई, दार नवं बसवलंय.”

तिनं फोन बंद केला. खोलीतला वरवंटा उचलला आणि पोरींना ओढण्या भिजवून तोंडाला बांधायला लावल्या. गच्चीच्या दारावर घाव घालताना तिची बोटं चेचली, पण कडी उखडली. शेजारच्या गुरम्मांची गच्ची कठड्याला कठडा लावून होती. म्हाताऱ्या गुरम्मा आरडाओरडा ऐकून वर आल्याच होत्या. त्या एकेकीला हात देऊन पलीकडं घेत होत्या.

ऋतुजा दिसेना. तिला दम्याचा त्रास. उज्वला पुन्हा धुरात उतरली, भिंत चाचपत न्हाणीपर्यंत गेली. पोरगी फरशीवर पडलेली होती. तिला काखेत धरून ओढत तिनं वर आणलं.

ऋतुजा दवाखान्यात बरेच दिवस होती. वाचली, पण जिना चढली की आता तिला थांबावं लागतं.

आगीनंतर आठवड्याभरातच अप्पांनी उज्वलाच्या सत्काराचा कार्यक्रम ठेवला. नव्या फ्लेक्सवर अंगणातला तोच फोटो आणि खाली ओळ, ‘आमच्या सज्जतेमुळे मोठा अनर्थ टळला’. शाल घेऊन अप्पा पुढे आले, तशी उज्वला मागे सरकली.

“ही शाल मला नको,” ती म्हणाली. “पोरी आत गुदमरत होत्या, तेव्हा ह्यांना दाराची काळजी होती. कुलूप तोडू नका म्हणाले. इचारा त्यांना.”

कोणीच विचारलं नाही. पोरींचे बाप खुर्च्यांवरून उठून जेवणाच्या पंगतीकडं वळले. जेवणं झाल्यावर तनुजाचे वडील अप्पांना गाठून वसतिगृह पुन्हा कधी सुरू होणार, हे विचारत होते. उज्वला शेजारीच उभी होती. ते ओशाळून म्हणाले, “काय करावं ताई, परीक्षा तोंडावर हाय. क्लासजवळ दुसरी जागा भेटत न्हाई.”

अप्पांचा तिला राग होताच. पण ह्या गरीब चेहऱ्याच्या माणसाकडंही तिला बघवेना. तिनं त्याच दिवशी सामान उचललं.

गुरम्मांनी तिला वरचा मजला दिला. तिथं ती आता थोड्या पोरी ठेवते. ऋतुजाही असते, पण जिना नको म्हणून खाली, गुरम्मांच्या खोलीत. खिडक्यांच्या जाळ्या आतून उघडाव्यात म्हणून उज्वलानं त्यांना बिजागऱ्या लावून घेतल्या. दर महिन्याला पोरींना डोळे बांधून, भिंतीला हात लावत बाहेर पडायला लावते. पोरी हसतात. ती हसत नाही.

अप्पांचं वसतिगृह जूनमध्ये रंग देऊन उघडलं आणि आठवड्यात भरलं. ज्या दिवशी शेजारी ट्रंका उतरत होत्या, त्या दिवशी गुरम्मांनी तिला जेवायला हाक मारली.

“तुम्ही बसा आई,” उज्वला म्हणाली. “मला आज घास उतरायचा न्हाई.”