कपलिंग माझ्या हातचं

"ए, तू मागं सर. अडचण तर न्हाई ना तुला?" कारखान्याचा शेठ म्हणाला.

मागच्या खंडेनवमीची सकाळ. शेठच्या हातात हळदीकुंकवाचं ताट, मशीनला झेंडूचा हार. शेडमधले अकरा पुरुष माझ्याकडे वळून बघत होते. मी एकटीच बाई. आयटीआय केलेली टर्नर, पौडहून रोज एसटीने भुकूमला येणारी. माझी कानशिलं तापली.

ज्या मशीनपासून मला लांब हटवत होते, ती पाच वर्षं मीच चालवत होते. जुनी सीएनसी लेथ, संगणकावर चालणारी, लोखंड कातणारी. बनवणाऱ्या कंपनीने तिचे पार्ट देणं कधीच बंद केलेलं. त्याआधीच्या आठवड्यात तिचं कपलिंग गेलं. मोटरची ताकद आतल्या लांब स्क्रूपर्यंत पोचवणारा हा मुठीएवढा तुकडा. तो गेला की सगळी मशीन भंगार.

शेठचा पुतण्या इंजिनिअर. त्याने जुनं कपलिंग मोजलं आणि तसंच्या तसं ड्रॉइंग काढलं. मी म्हणाले, "साहेब, याचं भोक घासून मोठं झालंय. त्यात बसतो तो शाफ्ट मोजा."

"तुला विचारलंय का? जा, चहा टाक."

टाकला. हो, मी चहा टाकला. त्याची लाज अजून वाटते.

नवं कपलिंग आलं, तेही जुन्याइतकंच ढिलं. माल मापाबाहेर जायला लागला, ऑर्डर अडकली, तेव्हा कुठे शेठला माझी आठवण झाली. मी शाफ्टला मायक्रोमीटर लावला. नवं कपलिंग घडवत हाताच्या लेथवर दिवसभर उभी राहिले. पोटात कळा, कंबर मोडलेली. भोक कापताना हात मात्र हलू दिला नाही. संध्याकाळी मशीन धावली. शेठने थाप मारली ती पुतण्याच्या पाठीवर. मी तेही गिळलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी ही पूजा. या वेळी गिळवेना.

"व्हय शेठ, पाळी चालू हाय माझी. परवाबी होती. त्याच हातानं कपलिंग केलंय."

कुणीतरी खाकरलं. पुतण्या बुटांकडे बघू लागला.

"तोंड सांभाळ," शेठ म्हणाला.

मी बाकावरची ॲलन की उचलली, कपलिंगचे स्क्रू खोलायची. घर माझ्या पगारावर चालतं. नोकरी गेली तर काय, हे डोक्यात होतंच.

"इटाळ झाला आसंल तर आत्ता काढून देते. तुमचं तुमी बसवा."

दसरा झाला की माल द्यायचा होता. ते शेठला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"ऱ्हाऊ दे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ऱ्हाऊ दे ते."

"मंग मीबी हितंच ऱ्हाते."

मी कुंकू लावलं नाही. मला त्यांची पूजा नको होती. आरती संपेपर्यंत मशीनवर हात ठेवून उभी राहिले. माझा हात काढायला कुणी पुढे आलं नाही.

आता मी घडवलेल्या प्रत्येक पार्टवर माझ्या नावाचं पहिलं अक्षर ठोकते. शेठने दोनदा हटकलं. तिसऱ्यांदा मीच त्याला सांगून टाकलं, अक्षर नको असेल तर पार्टही मिळणार नाही.