आकडा परत म्हण

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि नव्या कार्यालयांना माणसं कमी पडू लागली. त्या दिवसांत मला एका कार्यालयात फोनवर बसायची तात्पुरती नोकरी मिळाली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पण शाळा गोंदियाकडच्या गावातली, मराठी. हिंदीतले ‘उनासी’ आणि ‘नवासी’, म्हणजे एकोणऐंशी आणि एकोणनव्वद, मला फोनवर एकसारखेच ऐकू येत. जुन्या राजधानीतून, भोपाळहून, सांगितलेले फायलींचे नंबर चुकायचे. शेवटी कार्यालयातले मोठे बाबू म्हणाले, “महीने के आखिर तक देखते हैं, नहीं तो दूसरी लड़की रखेंगे।”

रायपूरच्या तात्यापारा वस्तीत मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते, त्या बाई दुसऱ्या महायुद्धात फौजेच्या महिला दलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. सत्तरी केव्हाच उलटलेली, तरी “मले आजी म्हणशील तं भाडं वाढवीन” अशी ताकीद होती. मी मावशी म्हणायची. त्यांच्या नोकरीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की लग्न जमवताना घरच्यांनी ती लपवली होती.

त्या संध्याकाळी मी रडतच घरी आले.

“काहून रडून राहिली?”

मी सांगितलं. त्या हसायलाच लागल्या. “आम्ही काय कमी चुकलो? मेजर इंग्रजीत शिव्या द्यायचा. बरं, अर्ध्या समजायच्याच नाही.”

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवलं, मिक्सर सुरू केला आणि त्या घरघरीत नंबर सांगू लागल्या. हिंदीत, मराठीत, मध्येच इंग्रजीत.

“उनासी म्हणलं तं सात-नऊ म्हणून परत म्हण. समोरचा हो म्हणेपर्यंत लिहू नको.”

“समोरचा चिडला तर?”

त्यांनी मिक्सर बंद केला.

“दवाखान्यातून मेलेल्या सिपायांचे नंबर यायचे, पोट्टी. एक आकडा चुकला तं तार भलत्याच घरी जायची. जित्या पोराची माय रडत बसायची. साहेब चिडो का ओरडो, आम्ही दरेक नंबर परत म्हणायचो. तुह्या आकड्यानं कोणी रडणार नाही ना? मग भेतं काहून?”

आणि मिक्सर पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी भोपाळचा साहेब खरंच वैतागला. “मैडम, कितनी बार बोलूँ?”

“एक बार और, सर। आठ-नौ?”

“हाँ बाबा, आठ-नौ!”

महिना संपला तेव्हा बाबूंनी दुसरी मुलगी ठेवली नाही. मी खुर्चीवर राहिले, पुढे कायमही झाले. भावंडांची शिक्षणं त्याच खुर्चीवर झाली. मावशींचं हे ऋण मी कुणापाशी लपवत नाही.

कायम झाल्यावर बाबा गावाहून आले, मावशींच्या पाया पडायला वाकले. “तुमच्यामुळं झालं जी.”

त्या दोन पावलं मागं सरल्या. “माझ्यामुळं काही नाही. तुमची पोट्टी ऐकते चांगलं.”

“ऐकते?” बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, “घरी तं कोणाचंच ऐकत नाही जी!”