सरस्वतीची न संपणारी आरती

आरती कुठे संपते, हे कॉम्प्युटरला सांगायचंच मी विसरले होते. आणि सेठजींच्या हातात पेटत्या निरांजनाचं ताट होतं.

सेठजी म्हणजे आमच्या कॅम्प तीन वस्तीतल्या जीन्सच्या कारखान्याचे मालक. आमच्या शाळेला पहिला कॉम्प्युटर त्यांनीच दिला. उद्घाटन नीट पार पडलं तर दुसराही देणार होते. एका मशीनभोवती अख्खी सातवी बसवून मी काय डोंबल शिकवणार? दुसरा मला हवाच होता.

तेव्हाची मी! कोर्सचं सर्टिफिकेट ताजं, अक्कल यायची बाकी. संगीताच्या केतकर सरांना स्टाफरूममध्ये ऐकवलं, "सर, आता सा रे ग म मशीन शिकवेल. प्रत्येक सुराला एक आकडा. मुलं गाता गाता प्रोग्रॅम लिहितील."

"शिकवू दे की," सर म्हणाले. "पेटीला तेवढाच आराम."

सरांनीच बांधलेली आरती आम्ही आकड्यांत उतरवली. कडवी पाच, चाल एकच. पाचदा कोण टाइप करणार? शेवटी लिहिलं, 'गोटू टेन'. म्हणजे दहा नंबरच्या ओळीवर परत जा. किती वेळा, ते लिहिलं नाही. तालमीत मी एस्केपचं बटण दाबून थांबवायचे. पण पोरं ते सारखी दाबायची, म्हणून उद्घाटनाच्या सकाळी मी ते बटणही प्रोग्रॅममधून बंद करून टाकलं. हुशारी!

उद्घाटनात मशीनच्या सुरावर मुलांचं पाचवं कडवं संपलं. मशीन चालूच. पीं पीं पीं. टाळ्या आधी कोण थांबवणार? मुलांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पहिलं कडवं धरलं.

हेडबाई माझ्या कानाशी आल्या. "अहो, थांबवा ना!"

"प्लग काढू?"

"आरती अर्धी तोडता? सेठजींसमोर?"

सेठजींचा उजवा हात भरून आला. डाव्या हाताने आरती कशी करणार? "मॅडम, इसका एंड किधर है?"

"येतोय, सेठजी." कुठून येणार? लिहिलाच नव्हता.

तेवढ्यात केतकर सरांनी डोळे मिटले आणि चाल संपते तिथे नेमकी, खणखणीत आवाजात मंत्रपुष्पांजली सुरू केली. सगळी खोली त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली. मंत्रपुष्पांजली लागली म्हणजे आरती संपली, हे देवालाही मान्य. त्या गजरात मी टेबलाखाली शिरले आणि प्लग ओढला.

काही सुरू करण्याआधी ते थांबणार कुठे, ते ठरवावं. पुढे प्रत्येक वर्गाला मी हे पहिल्याच तासाला शिकवलं. मशीन बंद ठेवून, सरांना पेटीवर बसवून.

त्या दिवशी प्रसाद घेताना सेठजी दंड चोळत म्हणाले, "मॅडम, दुसरा कॉम्प्युटर भी पक्का. पर उसके टाइम सिर्फ नारियल फोडेंगे."